फुली-गोळ्यात कॉम्प्युटरला आपल्याविरुद्ध खेळायला कसं शिकवायचं

पायथॉन शिकताय, इफ-एल्स झालं, लूप झाला, लिस्ट झाली आणि आता पहिला गेम करायचाय, तर वहीच्या मागच्या पानावर खेळायचो तो फुली-गोळाच घ्या. दोन माणसांचा गेम एका संध्याकाळी होतो, खरी मजा समोर कॉम्प्युटरला बसवण्यात आहे. १९५२ मध्ये केंब्रिजला ए. एस. डग्लस यांनी एडसॅक कॉम्प्युटरवर हाच गेम केला होता, माणूस टेलिफोनसारखी डायल फिरवून खणाचा नंबर द्यायचा आणि मशीन आपली चाल आपण खेळायचं.

नऊ खणांची एक लिस्ट करा, वरची ओळ ०-१-२, मधली ३-४-५, खालची ६-७-८. जिंकायच्या आठ ओळी (३ आडव्या, ३ उभ्या, २ तिरक्या) वेगळ्या लिस्टमध्ये लिहून ठेवा, त्या सगळीकडे लागतात. फुली तुमची, गोळा कॉम्प्युटरचा, पहिली चाल तुमची.

आधी कॉम्प्युटरला रिकाम्या खणांतला कुठलाही रँडम खण उचलू द्या. मठ्ठासारखा खेळेल, पण पाळी नीट बदलतेय का, भरलेल्या खणावर परत चाल पडत नाही ना, हे इथेच तपासून घ्या. मग नियम घाला, आणि याच क्रमाने: आपण आत्ता जिंकतोय का बघ, नसेल तर समोरचा पुढच्या चालीत जिंकतोय का बघून अडव, तेही नसेल तर मधला खण, मग पहिला रिकामा कोपरा, मग उरलेलं काहीही. पहिले दोन नियम उलटे झाले तर हातातला विजय सोडून कॉम्प्युटर अडवत बसतो.

एवढ्यावर तो बराच शहाणा वाटायला लागतो. आता तुम्ही ० वर फुली मारा, तो मध्ये ४ वर येईल, तुम्ही ८ वर मारा. नियमाप्रमाणे तो २ चा कोपरा घेतो, तुम्हाला ६ वर अडवावंच लागतं आणि अडवता अडवता ३ आणि ७ दोन्हीकडे तुमचा विजय तयार! तो एकच अडवू शकतो. मी यासाठी खास नियम घातला, की समोरासमोरच्या कोपऱ्यांत फुल्या असतील तर कोपरा घेऊ नको, कडेचा खण घे. मग ५ आणि ७ वर फुल्या मारून बघितल्या, तो ० वर गेला, मी ८ वर, परत हरला. ठिगळं लावत बसायला लागलं की समजायचं पद्धतच बदलायला हवी.

ती पद्धत म्हणजे मिनिमॅक्स. एक फंक्शन (नाव देऊन हवं तेव्हा बोलावता येतो असा कोडचा तुकडा) लिहायचं जे प्रत्येक रिकाम्या खणात चाल टाकून बघतं, मग समोरच्याच्या वतीने स्वतःलाच परत बोलावतं, असं गेम संपेपर्यंत. गोळा जिंकला की १०, फुली जिंकली की उणे १०, बरोबरी शून्य. गोळ्याच्या पाळीला सगळ्यात मोठा आकडा निवडायचा, फुलीच्या पाळीला सगळ्यात लहान. दचकू नका, तुमच्या पहिल्या चालीनंतर साधारण ६० हजार स्थिती तपासायच्या असतात, आजच्या लॅपटॉपला ते जड नाही.

दोन ठिकाणी हमखास अडकायला होतं. एक, चाल टाकून बघितल्यावर तो खण परत रिकामा करायचा. मी ती एक ओळ विसरलो होतो, पहिल्याच क्लिकला अख्खा बोर्ड भरून गेला आणि मी तासभर स्क्रीनवर ड्रॉइंगच्या कोडमध्ये चूक शोधत होतो. दुसरं, जिंकायचा खण समोर दिसत असताना कॉम्प्युटर भलतीकडेच गोळा टाकतो, कारण आत्ताचा विजय आणि दोन चालींनंतरचा विजय त्याला सारखेच, दोन्ही १०. म्हणून १० मधून जितक्या चाली पुढे गेलो तितके वजा करा (हरताना उणे १० मध्ये तितकेच मिळवा), की तो लवकर जिंकायला बघतो.

आता तो कधीच हरत नाही, आणि मला वाटतं गेम इथे थांबवू नये. माझी भाची आठ-नऊ वर्षांची, चार डाव खेळली, दोन हरली, दोन बरोबरीत, आणि "मामा हा जिंकूच देत नाही" म्हणून उठून गेली. मग लेव्हल घातल्या. मध्येच रँडम चाल घुसवता येते, पण ती बघताना खोटी वाटते. त्यापेक्षा किती चाली पुढे बघायचं त्याला मर्यादा घाला, मर्यादा आली की शून्य परत करा. दोनच चाली पुढे बघणारा कॉम्प्युटर स्वतःचा विजय सोडत नाही, तुमचाही अडवतो, पण दुहेरी कात्री (वरच्यासारखा एकाच वेळी दोन ठिकाणी तयार झालेला विजय) त्याला आधी दिसत नाही, म्हणजे लहान मूल चुकतं तसाच चुकतो. आणि सारखे मार्क असलेल्या चालींतली एक रँडम घ्या, नाहीतर प्रत्येक डाव तोच.

चाल लगेच पडली तर त्याने कुठे गोळा टाकला हेच कळत नाही, अर्धा सेकंद थांबवा. पण पायगेममध्ये (पायथॉनमध्ये गेम करायची लायब्ररी) स्लीप, म्हणजे प्रोग्रॅम थांबवायची आज्ञा, वापरू नका, तेवढा वेळ विंडो गोठते आणि त्या वेळात केलेले क्लिक नंतर एकदम लागू होतात. त्याऐवजी वेळ नोंदवून ठेवा आणि ५०० मिलिसेकंद झाले का ते मेन लूपमध्ये (गेम चालू असेपर्यंत फिरत राहणारा लूप) बघा, त्याची पाळी असताना क्लिक सोडून द्या.

शेवटी पूर्ण ताकदीच्या लेव्हलला रँडम खेळाडूशी हजार डाव आपोआप खेळवा. एक जरी हरला तर मिनिमॅक्समध्ये चूक आहे, आधी ती खण रिकामा करायची ओळ बघा.