पिवळा बाण दिसला की बिनधास्त चाला

इंग्लंडच्या खेड्यात पायवाट सरळ कुणाच्या तरी कुरणात शिरली, तर बिचकून मागे फिरू नका. फाटकाच्या खांबावर पिवळा बाण असेल तर ती सार्वजनिक वाट; जमीन खासगी असली तरी चालायचा हक्क कायद्याने आहे. निळा बाण असेल तर घोडे आणि सायकलीही येणार. सुरुवातीला डर्बीशरमधलं ईडेल गाव छान. मँचेस्टर किंवा शेफील्डहून थेट रेल्वे आहे, आणि ‘पेनाइन वे’ ही लांब पल्ल्याची पायवाट तिथूनच निघते. सगळी ४३१ किमी चालायला कुणी सांगत नाही, तासभर पुरे! ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा १:२५,००० नकाशा जवळ ठेवा. त्यात या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. डोंगरात मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका.

फाटक जसं सापडलं तसंच सोडा. उघडं होतं तर उघडं. कदाचित मेंढ्यांची पाण्यावर जायची वाट तीच असेल. आणि तिथल्या गाई गरीब समजू नका. सोबत वासरं असतील तर कळपाच्या मधून न जाता लांबून वळसा घाला. कुत्रा बरोबर असताना गाय अंगावर आलीच, तर त्याचा पट्टा सोडून द्या. तो पळेल, तुम्ही सुटाल.