चाळिशीनंतर कराटे: हजेरी पक्की, मात्रा त्या दिवसाची

एकेचाळिसाव्या वर्षी मी ठाण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये पांढरा पट्टा बांधून रांगेत उभी राहिले. कराटेची रांग पट्ट्याप्रमाणे लागते, वयाप्रमाणे नाही. माझ्या उजव्या हाताला सातवीतली हिरव्या पट्ट्याची मुलगी होती. झेनकुत्सु दाची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताणलेला पवित्रा, तिनेच माझ्याकडून घोटून घेतला. "काकू, मागची टाच उचलतेय," असं ती रोज सांगायची आणि रोज तिचं बरोबर असायचं. याला आता सहा वर्षं झाली. आता काळ्याच्या आधीचा तपकिरी पट्टा आहे आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी क्लास चालू आहे.

'आता या वयात?' हा प्रश्न मनात असेल तर एवढंच सांगते. काता म्हणजे ठोसे, लाथा, बचाव यांची ठरलेल्या क्रमाची, एकट्याने करायची मालिका. आपण सुरुवातीला जे पाच हेइआन काता शिकतो, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या ओकिनावा बेटावरचे कराटे गुरू अंको इतोसु यांनी शाळकरी मुलांना शिकवण्यासाठी बांधले होते. पहिला हेइआन शोदान २१ हालचालींचा, मिनिटभरात संपणारा. नवशिक्याच्या अंगाला झेपावा असाच तो रचलेला आहे. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या कातामध्ये सुवर्ण जिंकणारी स्पेनची सांद्रा सांचेझ तेव्हा ३९ वर्षांची होती. तिची आयुष्यभराची मेहनत वेगळी, आपली वेगळी, हे मान्य. पण कातामध्ये वय आडवं येतंच असं नाही, हे तिच्याकडे बघून पटतं.

वय आडवं येतं ते दुखापतीतून सावरताना, आणि हे मी दुसऱ्या वर्षी शिकले. मार्चअखेर होती, ऑफिसात हिशेब मिटवता मिटवता रात्रीचे नऊ वाजायचे. दोन आठवडे क्लास बुडाला. मग एका मंगळवारी गेले आणि बुडलेलं सगळं त्याच दिवशी भरून काढायला निघाले. मावाशी गेरी, म्हणजे कमरेतून फिरवून मारायची लाथ, चालू होती. तिच्यात उभ्या पायाचा पंजाही फिरावा लागतो, इतका की टाच समोरच्याकडे वळली पाहिजे. घामाने ओल्या मॅटवर माझा पंजा चिकटून राहिला आणि कंबर मात्र फिरली. मधे सापडला तो गुडघा. गुडघा बिजागरीसारखा दुमडतो, पिळ सोसायला तो बनलेलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुजून डब्यासारखा झाला होता, जिना उतरताना कठडा धरावा लागत होता.

फिजिओथेरपिस्टने सहा आठवडे लाथा बंद करायला सांगितल्या. बहुतेक लोक इथेच सुटतात. सहा आठवड्यांचे सहा महिने होतात आणि ड्रेस कपाटात तळाशी जातो. आमचे सर म्हणाले, "पाय नको, हात घेऊन या." म्हणून मी जात राहिले. उभ्या उभ्या ठोसे, ब्लॉक म्हणजे वार अडवणं, कातामधले फक्त हात, आणि उरलेला वेळ लहान मुलांच्या तालावर जपानीत इचि, नि, सान (एक, दोन, तीन) मोजायचं. गुडघा बरा झाला तेव्हा मंगळवार, गुरुवार, शनिवार मोडलेले नव्हते. तेव्हापासून माझा नियम हाच आहे: क्लासला जायचंच, पण क्लासमधलं सगळं करायचं नाही. झोप नीट झाली नसेल, पाळीचे दिवस जड असतील, अंगात कणकण असेल, तर लाथा कमरेच्या वर जात नाहीत आणि कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढतीचा सराव, कमी वेगाने होतो. ताप असेल तरच घरी.

बेडूकउड्या आणि डक वॉक, म्हणजे उकिडवं बसून चालणं, मी करत नाही. मुलांच्या वॉर्म-अपमध्ये ते असतात आणि रांगेत उभं राहून नाही म्हणायला आपल्याला अवघड वाटतं. पण सरांना आधी सांगून ठेवलं की ते त्याऐवजी साध्या अर्ध्या बैठका देतात. कडक लादीवर मुठीवरचे पुशअप्सही असेच टाळते. पहिल्या दोन महिन्यांत दम वाढतो, मांड्या घट्ट होतात आणि आता जोरात सुटावं असं वाटायला लागतं. तिथेच आवरा. स्नायू लवकर तयार होतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा फार सावकाश. टाचेमागची कंडरा दुखायला लागली की महिने खाते. थंड अंगाने पाय ताणू नका. आधी पाच-सात मिनिटं चाला, पाय मागेपुढे झुलवा. ताणून धरायचं ते क्लास संपल्यावर.

कराटेच्या जोडीला आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम करते: बैठका, पायऱ्यांवर टाचा उचलणं, वजन उचलणं, एका पायावर उभं राहून दात घासणं. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करायला सांगते. बायकांनी हे मनावर घ्याच. रजोनिवृत्तीनंतर हाडं झपाट्याने विरळ होतात आणि वजनाचे व्यायाम त्यांना आधार देतात.

खाण्यात मोठं गुपित नाही. सातच्या क्लासआधी तासभर एक केळं किंवा मूठभर फुटाणे, घरी आल्यावर मुगाची धिरडी, अंडी नाहीतर पनीर. क्लासहून येऊन नुसता चहा-बिस्किटावर झोपणं मी बंद केलं आणि दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं बरंच कमी झालं.

सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर तपासून घ्या आणि डॉक्टरांना नेमकं काय करणार ते सांगा. मधुमेह असेल तर हे जास्त जपा: आपण अनवाणी सराव करतो, तळव्याची जखम कळतही नाही. घरी आल्यावर पाय धुऊन, पुसून, तळवे रोज बघा. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. जुलैमध्ये ड्रेस दोन दिवस वाळत नाही, म्हणून दोन ड्रेस लागतातच.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोहोचा, नखं कापलेली असू द्या, अंगठी-बांगड्या घरीच ठेवा. जुनं दुखणं असेल तर ते रांगेत उभं राहण्याआधी सरांच्या कानावर घाला. आणि ड्रेस एक नंबर मोठा घ्या, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं.