घरकाम करणाऱ्या बाईवर चोरीचा आळ आला तर

घरातील दागिना किंवा रोकड सापडेनाशी झाली की पहिला संशय घरकामाला येणाऱ्या बाईवर घेतला जातो. अशा वेळी तिने आणि तिच्या घरच्यांनी काय करावे, हे आधीच माहीत असणे अत्यंत गरजेचे आहे, कारण पहिल्या दिवशी घाबरून केलेली सही पुढे खटला संपेपर्यंत नडते.

मालकीण किंवा सोसायटीचे पदाधिकारी ‘कबूल कर, पैसे भरून दे, पोलिसांत जात नाही’ असे म्हणत असतील, तरी कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्प पेपरवर काहीही लिहून देऊ नये. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, परंतु खासगी व्यक्तीला लिहून दिलेला कबुलीजबाब न्यायालयात मांडला जाऊ शकतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्याचा आरोप असेल तर कलम 306 लागते आणि शिक्षेची मर्यादा सात वर्षे व दंड अशी वाढते. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूसाठी, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या व्यक्तीने वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यास समाजसेवेची शिक्षा देण्याची जी तरतूद आहे, ती कलम 303 मधील आहे, कलम 306 मधील नाही. म्हणून एफआयआरची प्रत मागून कोणते कलम लावले आहे ते आधी पाहावे.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास, जामीन यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम 35 खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ती मिळाल्यास दिलेल्या तारखेला न चुकता जावे. अटक झालीच तर तिची कारणे सांगणे, नातेवाइकाला कळवणे आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अपवादात्मक परिस्थिती आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी असल्याखेरीज स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही, तसेच तिची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची असते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, अथवा 15100 या क्रमांकावर फोन करावा. हा गुन्हा अजामीनपात्र असला तरी त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नव्हे. तो पोलीस ठाण्यात हक्काने मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो, आणि आरोपी स्त्री आहे ही बाब त्या अर्जात जरूर मांडावी. अटकेची भीती रास्त असेल तर अटकपूर्व जामिनाचाही मार्ग आहे. कोठडीत असताना 60 दिवसांत पोलिसांचे दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल झाले नाही तर जामीन हा हक्क ठरतो, मात्र त्यासाठीही अर्ज करावाच लागतो.

अशा खटल्यांचा खरा कस जप्तीच्या पंचनाम्यावर लागतो. आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. म्हणूनच निवेदन पंचनामा (आरोपीने दिलेल्या माहितीची पंचांसमोरची नोंद) आणि जप्ती पंचनामा वकिलाने अक्षरशः ओळ न् ओळ वाचावा. फिर्यादीत दोन तोळ्यांची साखळी आणि पंचनाम्यात त्याहून कमी वजनाची साखळी असेल, पंच फिर्यादीच्या ओळखीचे असतील, किंवा आता बंधनकारक असलेले जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरणच नसेल, तर उलटतपासणीत हे मुद्दे निर्णायक ठरू शकतात. केवळ घरात वावर होता, एवढ्यावर चोरी सिद्ध होत नाही. वस्तू संमतीशिवाय आणि अप्रामाणिक हेतूने ताब्यातून हलवली, हे सरकार पक्षाने शाबीत करायचे असते.

हरवलेली वस्तू पुढे घरातच सापडली किंवा मालकिणीला प्रकरण मिटवायचे असेल, तर कलम 306 मध्ये तडजोड न्यायालयाच्या परवानगीनेच होते. बाहेरच्या बाहेर ‘तक्रार मागे घेतली’ असे सांगितले गेले तरी न्यायालयाचा लेखी आदेश हाती येईपर्यंत प्रत्येक तारखेला हजर राहावे.