गुप्तचर यंत्रणांच्या सुधारणेत या चुका टाळा

गुप्तचर यंत्रणांना कायद्याच्या चौकटीत आणू पाहणारे मसुदे वाचताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि खेदाची गोष्ट अशी की त्यांतील बहुतेकींची किंमत कुठल्या ना कुठल्या देशाने आधीच मोजलेली असते.

नाव बदलले म्हणजे सुधारणा झाली, हा त्यांतील सर्वांत जुना समज आहे. अर्जेंटिनाने २०१५ मध्ये आपली गुप्तचर यंत्रणा बरखास्त करून नवी उभारली आणि २०२४ मध्ये तीही बरखास्त करून जुने संक्षिप्त नाव परत आणले. जुन्या फायली कोणाच्या ताब्यात जाणार आणि जुन्या अधिकाऱ्यांपैकी कोणाला पुन्हा घ्यायचे, हे आधी न ठरवता बरखास्तीची घोषणा करणाऱ्यांची घाई मला मान्य नाही.

दुसरी चूक मला अधिक सलते, कारण ती चांगल्या हेतूने होते. कॅनडात पोलीस दलाच्याच एका शाखेकडे देशांतर्गत गुप्तवार्तेचे काम होते. त्या शाखेतील लोकांनी बेकायदा घरफोड्या केल्या, टपाल उघडले, १९७२ मध्ये क्वेबेकमध्ये एक बैठक होऊ नये म्हणून धान्याचे कोठारही जाळले. चौकशी आयोगाच्या शिफारशीवरून १९८४ मध्ये हे काम पोलिसांकडून काढून नव्या नागरी यंत्रणेकडे देण्यात आले आणि तिच्यावर स्वतंत्र परीक्षण समितीही नेमण्यात आली. निर्णय योग्यच होता. परंतु गुप्तवार्ता गोळा करणाऱ्याने ती पोलिसांना केव्हा व कोणत्या स्वरूपात द्यायची, आणि जे पुढे न्यायालयात लागू शकते ते किती काळ जपायचे, याचे पक्के नियम झाले नाहीत. पुढच्याच वर्षी, २३ जून १९८५ रोजी, एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात स्फोट होऊन ३२९ जण मृत्युमुखी पडले. या कटातील प्रमुख संशयिताचे दूरध्वनी ही यंत्रणा स्फोटाच्या आधीपासून ऐकत होती. मात्र आपले काम पुरावा गोळा करण्याचे नाही, या समजुतीने तिने बहुतेक ध्वनिफिती पुसून टाकल्या, आणि हे पुसणे स्फोटानंतरही चालू राहिले. २००५ मध्ये दोन आरोपींची निर्दोष मुक्तता करताना न्यायाधीशांनी या प्रकाराला अस्वीकारार्ह हलगर्जीपणा ठरवले. म्हणून मसुदा हाती आला की मी उद्दिष्टांचे पहिले पान बाजूला ठेवतो आणि नोंदी जपण्याचे व देण्याघेण्याचे कलम शोधतो. ते नसेल, तर बाकीचा मसुदा कितीही देखणा असला तरी मी तो परत पाठवतो.

देखरेख समितीला ‘माहिती मागण्याचा अधिकार’ देऊन थांबणे, ही तिसरी चूक. मागणे आणि मिळणे यांत फार अंतर असते. अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने सीआयए या अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या, दहशतवादाच्या संशयितांना कोठडीत ठेवून त्यांची चौकशी करण्याच्या कार्यक्रमाचा अभ्यास केला, तेव्हा समितीच्या कर्मचाऱ्यांना सीआयएने पुरवलेल्या जागेत, तिनेच पुरवलेल्या संगणकांवर साठ लाखांहून अधिक पाने चाळावी लागली. पुढे सीआयएच्या कर्मचाऱ्यांनी समितीसाठी राखलेल्या त्या संगणकव्यवस्थेत शिरून शोध घेतल्याचे २०१४ मध्ये सीआयएच्याच महानिरीक्षकांच्या चौकशीत निष्पन्न झाले आणि संचालकांना समितीच्या प्रमुखांची माफी मागावी लागली. ज्याचे दप्तर तपासायचे त्याच्याच खोलीत, त्याच्याच किल्लीवर अवलंबून बसून तपासणी होत नाही. समितीला स्वतःची सुरक्षित जागा, स्वतःचे पगारी तज्ज्ञ आणि फाइल थेट उघडण्याचा अधिकार हवा. शिवाय प्रत्येक नकार लेखी आणि नकार देणाऱ्याच्या नावानिशी नोंदला गेला पाहिजे. या शेवटच्या अटीवर मी कधीही तडजोड करत नाही, कारण सही करावी लागते म्हटल्यावर निम्मे नकार आपोआप गळून पडतात.

काही चुकांना एकेक वाक्य पुरे. समितीत केवळ त्याच यंत्रणेतून निवृत्त झालेले अधिकारी बसवू नका. परकीय यंत्रणांकडून आलेली माहिती देखरेखीच्या कक्षेबाहेर ठेवू नका, अन्यथा जे स्वतः करता येत नाही ते दुसऱ्याकडून करवून घेण्याची वाट मोकळी होते. आतून गैरप्रकार कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांना वगळून जाण्याचा कायदेशीर मार्ग द्या. अर्थसंकल्पाची तपासणी वेगळ्या समितीकडे टाकून विसरून जाऊ नका.

शंभर दिवसांत कायदा हवा असणाऱ्यांसाठी एक कालक्रम सांगतो. अमेरिकेत गुप्तचर यंत्रणांच्या गैरप्रकारांचा शोध घेणारी सिनेटर फ्रँक चर्च यांची चौकशी समिती जानेवारी १९७५ मध्ये नेमली गेली, तिचा अंतिम अहवाल एप्रिल १९७६ मध्ये आला, पुढच्याच महिन्यात सिनेटची कायमची समिती स्थापन झाली, आणि परकीय गुप्तवार्तेसाठी देशात ठेवल्या जाणाऱ्या पाळतीला विशेष न्यायालयाची परवानगी बंधनकारक करणारा कायदा व्हायला १९७८ उजाडले. आधी काय घडले ते दप्तरातून बाहेर काढले गेले आणि मग कलमे लिहिली गेली. दुसऱ्या देशाचा कायदा उतरवून घेणारे नवखे मसुदाकार नेमका हा पहिला टप्पा गाळतात.