स्वेच्छानिवृत्ती घेताय? आधी सेवापुस्तक उघडा, मग कॅल्क्युलेटर

‘पंचवीस वर्षं झाली, आता बास!’ असं म्हणणाऱ्यांनी आधी सेवापुस्तकातली रजेची पानं चाळावीत. हा हिशेब 1 जानेवारी 2004 च्या आधी लागलेल्या, जुनी पेन्शन असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. राज्य सरकारचे नियम वेगळे.

समजा, टपाल खात्यातल्या एका बाईंची नोकरी 25 वर्षं 3 महिने झाली. मध्ये मुलाच्या दहावीसाठी त्यांनी सात महिने बिनपगारी असाधारण रजा घेतली होती. वैद्यकीय दाखला नाही, म्हणून ते महिने वजा. उरली 24 वर्षं 8 महिने, हीच अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा. स्वेच्छानिवृत्तीला ती 20 वर्षं पूर्ण लागते आणि तीन महिन्यांची लेखी नोटीसही. 18 वर्षांनंतर कार्यालयाने सेवा पडताळणीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. मिळालं नसेल तर मागून घ्या, मगच नोटीस लिहा.

आता पेन्शन. शेवटचं मूळ वेतन किंवा शेवटच्या दहा महिन्यांची सरासरी, यातलं जे जास्त त्याच्या निम्मं. बाईंचं बेसिक जूनपर्यंत 60,400, जुलैच्या वेतनवाढीने 62,200. त्या 31 जुलैला बाहेर पडल्या तर पेन्शन 31,100. जूनच्या मध्यातच कंटाळून गेल्या असत्या तर 30,200. दीड महिना कळ काढायची की जन्मभर दरमहा 900 रुपये आणि त्यावरचा डीए (महागाई भत्ता) सोडायचा, तुम्हीच ठरवा. पूर्ण पेन्शनला 33 वर्षं लागतात असं ऑफिसात अजून कोणी ना कोणी सांगतं. ती अट कधीच गेली, 20 वर्षं पुरतात.

ग्रॅच्युइटीत मात्र सेवेचा प्रत्येक तुकडा मोजला जातो. बेसिक अधिक डीए (58 टक्के धरू) म्हणजे 98,276. त्याचा चौथा भाग 24,569, गुणिले पूर्ण सहामाह्या. वरचे तीन महिने भरले की एक सहामाही धरतात, नऊ भरले की दोन. इथे 49, म्हणून 12,03,881 रुपये. ती रजा नसती तर 51 झाल्या असत्या. सात महिन्यांची किंमत 49,138 रुपये! (कमाल मर्यादा 66 सहामाह्या आणि 25 लाख.)

शेवटी पेन्शन विक्री, म्हणजे अंशराशीकरण: पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घेणं. जास्तीत जास्त 40 टक्के विकता येते. इथे 12,440, गुणिले 12, गुणिले वयाचा गुणक. पुढच्या वाढदिवसाला 51 पूर्ण होणार असतील तर तो 8.808, म्हणजे सुमारे 13 लाख 15 हजार हातात. मासिक पेन्शन 18,660 वर येते, पण डीए पूर्ण 31,100 वरच मिळतो, 18,038. एकूण 36,698. विकलेला भाग 15 वर्षांनी परत सुरू होतो. घराचं कर्ज डोक्यावर नसेल तर पूर्ण 40 टक्के विकायची घाई मी तरी करणार नाही.

शिल्लक अर्जित रजेचे पैसे वेगळे, कमाल 300 दिवसांचे.