एगनॉग करताना या चुका टाळा

एगनॉग म्हणजे अंड्याचा बलक, दूध, क्रीम आणि साखर यांचं गार, दाट पेय. नाताळच्या आठवड्यात ते पहिल्यांदा करायला घेतलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. फाटल्यासारखं झालं, अंड्याचा वास येतोय, नाहीतर रात्रभर ठेवूनही पातळच राहिलं. खापर बिचाऱ्या अंड्यावर फुटतं. प्रत्यक्षात यातली बहुतेक बिघाडं आचेची असतात आणि उरलेली घाईची.

मराठी स्वयंपाकघरात या चुका जरा जास्तच होतात, कारण आपला हात बासुंदीवर तयार झालेला आहे. दूध घट्ट करायचं म्हणजे उकळायचं आणि आटवायचं, हे अंगवळणी पडलेलं असतं. एगनॉगमध्ये दूध आटवायचं नसतंच. दाटपणा येतो तो अंड्याच्या बलकातून, आणि तो उकळीच्या बराच अलीकडे येतो. उकळी फुटली की संपलं.

पुढे प्रमाणाचा उल्लेख येत राहील म्हणून आधीच सांगते. ६ अंड्यांचा फक्त बलक, अर्धा लिटर दूध, पाव लिटर क्रीम, १०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा ताजं किसलेलं जायफळ. मद्य घालायचं असेल तर डार्क रम, ब्रँडी किंवा बर्बन (अमेरिकन व्हिस्की), १२० मिली. पाच-सहा जणांना पुरतं. त्याहून जास्त एका वेळी पिववतही नाही.

गरम दुधात अंडं ओतणं

सगळ्यात जास्त एगनॉग इथेच वाया जातं. दूध गॅसवर वाफाळतंय, त्यात फेटलेला बलक एकदम ओतला, की दुधाला लागलेला बलक जागीच शिजतो आणि गोड भुर्जी हाती येते. उलटं करायचं. बलक आणि साखर एका भांड्यात फेटून घ्या, दूध वाफा येईपर्यंत गरम करा, आणि एका हाताने फेटत राहून त्या बलकावर दुधाची बारीक धार सोडा. पहिली दोन-तीन पळ्या दूध सावकाश गेलं की बलक कोमट होतो, मग उरलेलं जरा भरभर ओतलं तरी चालतं. हे सगळं परत पातेल्यात घालायचं आणि मंद आचेवर ठेवायचं.

याच टप्प्यावर आणखी एक बारीक चूक होते. बलकावर साखर घालून ठेवली आणि तेवढ्यात फोन आला. पाच-दहा मिनिटांनी पाहावं तर बलकात पिवळे कडक कण झालेले. साखर बलकातलं पाणी ओढून घेते, त्यामुळे तो जागोजागी सुकतो. हे कण नंतर विरघळत नाहीत, गाळावेच लागतात. साखर घातली की लगेच फेटा.

आच किती, आणि थांबायचं कधी

नुसता बलक ६५ ते ७० अंश सेल्सियसच्या दरम्यान घट्ट व्हायला लागतो. दूध आणि साखर मिसळली की तेच तापमान वर सरकतं, म्हणून एगनॉगचं मिश्रण साधारण ७५ ते ८० अंशांवर दाटतं. ८५च्या पुढे गेलं की बलकातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात, पाणी बाहेर टाकतात आणि दाणे दिसू लागतात. म्हणजे चुकायला जागा जेमतेम पाच अंशांची. तीनशे-चारशे रुपयांचा स्वयंपाकाचा थर्मामीटर इथे वसूल होतो. मिठाई, पाक, केक यांनाही तो लागतोच, तेव्हा घेऊन टाका.

थर्मामीटर नसेल तर चमचा आहेच. लाकडी चमचा मिश्रणात बुडवून उलटा धरा आणि पाठीवरून बोटाने आडवी रेघ ओढा. वरचा थर ओघळून रेघ बुजली तर अजून वेळ आहे. रेघ तशीच स्वच्छ राहिली तर गॅस त्याच क्षणी बंद. आणखी एक खूण अनुभवाने कळते: ढवळताना वर जो बारीक फेस असतो तो विरत जातो आणि पृष्ठभाग तुकतुकीत दिसायला लागतो. हे दिसलं की आता दोनेक मिनिटांत होणार, पातेल्यापासून हलू नका.

गॅस बंद केला तरी जाड बुडाचं पातेलं तापलेलंच असतं आणि आतलं शिजत राहतं. "मी तर वेळेवर उतरवलं होतं, तरी फाटलं" म्हणतात ते यामुळे. मिश्रण लगेच बारीक गाळणीतून दुसऱ्या भांड्यात गाळा आणि ते भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून मधूनमधून ढवळा. गाळणं टाळू नका. बलक वेगळा करताना थोडं पांढरं सोबत येतंच, ते बलकाच्या आधी शिजतं आणि त्याचे धागे होतात.

पातेलं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तारेच्या व्हिस्कने फेटत बसलं की मिश्रणाला करडी झाक येते.

फाटलंच तर

नुकते बारीक दाणे दिसायला लागले असतील तर वाचवता येतं. गॅसवरून उतरवा, दोन चमचे थंड दूध घाला, थोडं निवल्यावर मिक्सरमधून फिरवा आणि गाळा. पोत अगदी रेशमी होणार नाही, पण पाहुण्यांना कळणारही नाही. पाणी वेगळं आणि गोळे वेगळे झाले असतील तर मात्र नाद सोडा. मिक्सरमधून ते गुळगुळीत दिसेल, पण शिजून गेलेल्या अंड्याचा वास जाणार नाही, आणि तो झाकायला लोक व्हॅनिला इसेन्सचं झाकणावर झाकण ओततात. मग अंड्याचाही वास येतो आणि इसेन्सचाही.

वास नको असेल तर उपाय आधीच करावा लागतो. अख्खी अंडी न घालता फक्त बलक घ्या, कारण तो परिचित उग्र वास मुख्यतः जास्त तापलेल्या पांढऱ्यातून येतो. आणि केलेलं एगनॉग त्याच दिवशी प्यायला घेऊ नका. फ्रिजमध्ये एक रात्र गेली की जायफळ मुरतं आणि चव एकजीव होते.

पातळ राहिलं म्हणून कॉर्नफ्लोअर

गरम असताना एगनॉग पातळच वाटतं, गार झाल्यावर ते आळतं. त्यामुळे पातेल्यात असताना घाबरून कॉर्नफ्लोअर किंवा कस्टर्ड पावडर घालू नका. बलकात स्टार्च तोडणारं एक एन्झाइम असतं, ॲमायलेज. ते निष्प्रभ व्हायला मिश्रणाला नीट उकळी यावी लागते. कॉर्नफ्लोअर घालून अर्धवट तापवलेलं एगनॉग संध्याकाळी छान दाट दिसतं आणि सकाळी पाण्यासारखं होतं, ते या ॲमायलेजमुळे. कस्टर्ड पावडरचं कस्टर्ड असं पातळ होत नाही, कारण बाजारातल्या साध्या कस्टर्ड पावडरमध्ये अंडंच नसतं. कॉर्नफ्लोअर, रंग आणि सुगंध. घरात अंडं चालत नसेल तर ती सरळ दुधात उकळून, जायफळ घालून बिनअंड्याचं पेय करा. चांगलं लागतं. पण दोन्ही पद्धती एकत्र करू नका.

रात्रभर ठेवूनही खरंच पातळ असेल तर ते पुरेसं तापलं नव्हतं. मद्य घातलेलं नसेल तर परत मंद आचेवर चढवा आणि चमच्याची रेघ टिकेपर्यंत न्या. मद्य घातलं असेल तर थोडं फेटलेलं क्रीम मिसळून वेळ निभावून न्या.

अमेरिकेत राहणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी असते. दुकानातल्या कार्टनमधलं एगनॉग प्यायची सवय झालेली, त्यापुढे घरचं पातळ वाटतं. तिथल्या नियमानुसार एगनॉग म्हणून विकायला ६ टक्के दुधाची स्निग्धता आणि बलकाचा घन भाग फक्त १ टक्का असला तरी पुरतो. बाकी दाटपणा बहुतेक वेळा गवार गमसारख्या डिंकांचा. हो, तीच गवार, आपल्या भाजीवाली. घरच्या एगनॉगने तसं चिकट-दाट व्हावं ही अपेक्षाच सोडा.

अमेरिकन कृती, आपलं दूध

कृती तिकडची आणि साहित्य इथलं, यातून गोंधळ होतो. तिथल्या कृतीतलं दूध साधारण सव्वातीन टक्के स्निग्धतेचं असतं आणि हेवी क्रीम ३६ टक्क्यांचं. आपल्याकडचं फुल क्रीम दूध ६ टक्क्यांचं, आणि किराणा दुकानात छोट्या खोक्यात मिळणारं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांच्या आसपास. हिशेब मांडला तर अर्धा लिटर दूध आणि पाव लिटर क्रीम मिळून तिकडे सुमारे १४ टक्के स्निग्धता होते, इकडे १२. फरक किरकोळ. तेव्हा महागडं आयात क्रीम शोधत फिरायची गरज नाही, फुल क्रीम दूध आणि साधं फ्रेश क्रीम पुरतं. फक्त ते क्रीम फेटून फुलत नाही, तासभर बीटर चालवला तरी. वर फेस हवा असेल तर व्हिपिंग क्रीम वेगळं आणा आणि नीट थंड करून फेटा.

घरची साय मात्र घालू नका. तापवलेल्या दुधावरची साय एगनॉगमध्ये विरघळत नाही, तिचे पापुद्रे तरंगतात. आणि मिक्सरमध्ये फिरवली तर तिचं काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको.

जायफळ जुनं, आणि वेलची उगाचच

मला विचाराल तर एगनॉगची अर्धी ओळख जायफळात आहे. डब्यात वर्षभर पडलेली पूड घातली की नुसता धुळकट कडवटपणा येतो. अख्खं जायफळ आणा आणि ऐनवेळी बारीक किसणीवर किसा. थोडं मिश्रणात, थोडं पेल्यात वरून. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत जायफळ होतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' आणि 'कोकण स्वाद' अशा जातीही काढल्या आहेत, त्यामुळे चांगला माल मिळवणं आपल्याला अवघड नाही. हात मात्र आखडता ठेवा. जास्त जायफळ कडू तर लागतंच, शिवाय मोठ्या प्रमाणात ते अपायकारक असतं.

वेलची आणि केशर घालायचा मोह होतो. घाला, बिघडत काही नाही, पण मग ते रम घातलेलं मसाला दूध होतं आणि एगनॉग कुठे गेलं ते सापडत नाही. साखरेचं उलट आहे. गार पदार्थ कमी गोड लागतो, म्हणून गरम असताना चाखून साखर कमी करू नका. पूर्ण गार झाल्यावर ठरवा.

"रम आहे ना, जंतू मरतात"

हा गैरसमज धोक्याचा आहे. वरच्या प्रमाणात सगळं मिळून साधारण एक लिटर होतं आणि त्यात ४२ टक्क्यांची १२० मिली रम. म्हणजे मद्यार्क जेमतेम ५ टक्के. एवढ्याने साल्मोनेलाला, म्हणजे कच्च्या अंड्यातून पोटात जाऊन आजारी पाडणाऱ्या जिवाणूंना, काही होत नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एगनॉगवर याचा प्रयोग झाला होता. कृती होती रिबेका लान्सफील्ड यांची. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचं वर्गीकरण करणाऱ्या त्या प्रसिद्ध सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्यांच्या प्रयोगशाळेत दरवर्षी कच्च्या अंड्यांचं एगनॉग करून काही आठवडे मुरवायची पद्धत होती. मुद्दाम साल्मोनेला घातलेल्या एगनॉगमध्ये आठवड्यानंतरही जिवाणू होते, तीन आठवड्यांनी ते सापडले नाहीत. पण त्या मिश्रणात मद्यार्क २० टक्क्यांच्या घरात होता. तेवढा आणायचा तर भांड्यातलं जवळजवळ अर्धं रमच लागेल. शिवाय एका प्रयोगशाळेच्या प्रयोगावर आपल्या घरच्या फ्रिजची खात्री कशाला द्यायची?

सरळ मार्ग शिजवण्याचा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला अंड्याचं मिश्रण १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापवण्याचा आहे, आणि आपण दाटपणासाठी त्याच्या वर जातोच. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं असतील तर कच्च्या अंड्याची कृती करूच नका. पांढरं कच्चंच फेटून वर मिसळायची जुनी पद्धत आहे, तीही त्यांच्यासाठी नको. आपल्याकडे अंडी बहुधा सुटी आणि फ्रिजबाहेर ठेवलेली मिळतात, म्हणून फोडायच्या अगदी आधी धुवून पुसून घ्या. कवचाच्या दोन अर्ध्यांत झुलवत बलक वेगळा करण्यापेक्षा स्वच्छ हाताच्या बोटांतून पांढरं गळू द्या. कवचावरची घाण आत जात नाही.

मद्य कधी घालायचं, तर मिश्रण पूर्ण गार झाल्यावर, बारीक धारेने, ढवळत. गरम मिश्रणात ओतलं की सुगंध वाफेबरोबर जातो आणि दाणे पडण्याची शक्यता वाढते. क्रीमही तेव्हाच घालायचं. मुलांसाठी वाटा काढायचा असेल तर तो आधीच दुसऱ्या बाटलीत भरा. एकाच भांड्यातून "त्यांना वरवरचं देऊ" हा प्रकार नको.

पार्टीच्या टेबलावर

मोठ्या काचेच्या भांड्यात ओतून संध्याकाळभर टेबलावर ठेवलेलं एगनॉग फोटोत छान दिसतं. मुंबई-गोव्याच्या डिसेंबरमध्ये ते दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये. थोडंथोडं काढा, बाकी फ्रिजमध्ये राहू द्या, किंवा भांडं बर्फाच्या परातीत ठेवा. पेल्यात बर्फ टाकला तर दहा मिनिटांत पाणचट होतं. त्याऐवजी थोडं बिनमद्याचं मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ते खडे वापरा.

उरलं तर फ्रिजमध्ये दोन, फार तर तीन दिवस. तळाशी दाट आणि वर पातळ असे थर दिसले तर ते खराब झालेलं नाही, बाटली हलवली की एकत्र होतं. आंबूस वास आला तर टाकून द्या. तिसऱ्या दिवशीही शिल्लक असेल तर ब्रेडचे जाड काप त्यात भिजवून तुपावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. वेगळी साखर लागत नाही. आणि बाजूला राहिलेलं सहा अंड्यांचं पांढरं सकाळच्या ऑम्लेटला कांदा-मिरची घालून वापरून टाका.