एन्क्रिप्टेड मेसेजिंग अ‍ॅप : कोड लिहिण्याआधीची तयारी

दोन-तीन जणांनी मिळून अँड्रॉइड आणि आयफोनसाठी मुक्तस्रोत, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (मजकूर फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येईल असे) मेसेजिंग अ‍ॅप करायचे ठरवले, तर पहिली ओळ लिहिण्याआधी काय काय ठरलेले आणि हाताशी असलेले बरे, त्याची ही यादी. क्रिप्टोग्राफीला यात जागा कमी दिली आहे, कारण ती तयार मिळते. अशी अ‍ॅप्स प्रत्यक्षात अडतात ती ओटीपी, नोटिफिकेशन, बॅकअप आणि साइनिंग की (प्रकाशकाची डिजिटल सही करणारी चावी) यांच्यापाशी.

सुरुवात एका पानाने करा. कोणापासून काय लपवायचे, ते त्यावर लिहा. फोन चोरणारा, सर्व्हर फोडणारा, वायफाय चालवणारा, कोर्टाचा आदेश घेऊन येणारा, आणि घरातलाच कोणी, ज्याला फोनचा पिन माहीत आहे. प्रत्येकापुढे आपण काय देऊ शकतो आणि काय नाही, हे साध्या मराठीत लिहा. हेच पान पुढे रीडमीत, म्हणजे कोडसोबतच्या माहितीपत्रात, जाते. सर्व्हरच्या डेटाबेसमधला प्रत्येक कॉलमही इथे यायला हवा, तो किती दिवस ठेवणार यासकट. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीच्या समन्सला सिग्नल या एन्क्रिप्टेड मेसेजिंग सेवेने खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले एवढेच दिले, कारण त्यांच्याकडे तेवढेच होते. भारतात सर्व्हर चालवणार असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश वाचा: सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सुरक्षेची घटना सहा तासांत कळवायची. म्हणून लॉगमध्ये मुळातच काय लिहिले जाते, हे आधी ठरवावे लागते. कोणी कोणाला मेसेज पाठवला हे वेब सर्व्हरच्या यूआरएलमध्ये दिसत असेल, तर ते १८० दिवस तिथेच राहणार.

प्रोटोकॉल स्वतः रचू नका. दोघांमधल्या संभाषणासाठी डबल रॅचेट (प्रत्येक मेसेजला नवी चावी काढणारी पद्धत) घ्या. लायब्ररी म्हणून सिग्नलची लिबसिग्नल किंवा मॅट्रिक्स या खुल्या मेसेजिंग प्रोटोकॉलवाल्यांची व्होडोझेमॅक. दोन्ही रस्ट भाषेत आहेत. लिबसिग्नल सिग्नलच्या बाहेर वापरल्यास मदत मिळणार नाही, असे तिच्या रीडमीतच लिहिले आहे, त्यामुळे आवृत्ती पक्की बांधून ठेवा. जुनी ट्युटोरियल्स अजून लिबओल्म या मॅट्रिक्सच्या जुन्या लायब्ररीकडे पाठवतात; ती २०२४ पासून निवृत्त आहे. मोठे ग्रुप हवे असतील तर एमएलएस हे ग्रुपच्या एन्क्रिप्शनचे मानक पाहा, जुलै २०२३ चे आरएफसी ९४२०. चांगली लायब्ररी घेतली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. ब्रिजफाय या अ‍ॅपच्या सुरक्षेतली भगदाडे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवली; मग त्यांनी सिग्नलचा प्रोटोकॉल घेतला, आणि २०२२ मध्ये त्यावरही नवे हल्ले प्रसिद्ध झाले. चूक जोडणीत होती. ओळख-की (खात्याची ओळख ठरवणारी चावी) बदलल्यावर अ‍ॅप काय करणार, वन-टाइम प्रीकी संपल्या तर काय (या संभाषण सुरू करायला सर्व्हरवर ठेवलेल्या, एकदाच वापरायच्या चाव्या; साधारण १०० चढवतात आणि कमी झाल्या की भरतात), मधले मेसेज गहाळ झाल्यास किती चाव्या साठवून ठेवणार, ही उत्तरे लायब्ररी देत नाही.

लायसन्सचा निर्णयही याच टप्प्यावर, कारण तो लायब्ररीला बांधलेला आहे. लिबसिग्नल एजीपीएल ३ खाली आहे, व्होडोझेमॅक अपाचे २ खाली. जीपीएल घराण्यातली (बदललेला कोडही खुला ठेवायला लावणारी) लायसन्स आणि अ‍ॅपलच्या स्टोअरच्या अटी यांचे जुने भांडण आहे. जानेवारी २०११ मध्ये व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर याच कारणाने स्टोअरवरून गेला. तुमच्या कोडला स्टोअरसाठीची जादा परवानगी जोडायची असेल, तर बाहेरचा पहिला पॅच घेण्याआधी जोडा. नंतर प्रत्येक लेखकाची संमती गोळा करावी लागते. लायब्ररीसाठी ती परवानगी तिच्या मालकांनीच दिलेली असायला हवी, तेही तपासा.

आता फोनवरचा साठा. डेटाबेस एसक्यूएलसायफरमध्ये, म्हणजे एसक्यूलाइट डेटाबेसच्या एन्क्रिप्टेड रूपात. चावी ३२ बाइटची, पूर्णपणे रँडम, आणि ती अँड्रॉइड कीस्टोअरमधल्या (फोनच्या सुरक्षित चावी-कप्प्यातल्या) दुसऱ्या चावीने गुंडाळलेली. रँडम चावी कच्ची द्या, पासफ्रेज म्हणून देऊ नका. नाहीतर एसक्यूएलसायफर ४ ठरावीक २,५६,००० फेऱ्या पीबीकेडीएफ२ (पासफ्रेजवरून चावी काढणारी, मुद्दाम संथ प्रक्रिया) चालवते आणि स्वस्त फोनवर अ‍ॅप उघडायला वेळ खाते. कीस्टोअरची चावी बोटाच्या ठशाला बांधू नका. नवे बोट नोंदवले की अशी चावी आपोआप बाद होते आणि सगळे संभाषण तिच्याबरोबर जाते. ठसा फक्त स्क्रीन उघडण्यापुरता ठेवा.

बॅकअपची गफलत हमखास होते. अँड्रॉइडचा ऑटो बॅकअप डेटाबेस नव्या फोनवर नेतो, पण कीस्टोअरची चावी जुन्या फोनमध्येच राहते. नव्या फोनवर अ‍ॅप उघडताच कोसळते. मॅनिफेस्टमध्ये (सेटिंगच्या मुख्य फाइलमध्ये) बॅकअप बंद करा, आणि अँड्रॉइड १२ पासून फोन-ते-फोन हस्तांतर त्या सेटिंगने थांबतेच असे नाही, म्हणून डेटा एक्स्ट्रॅक्शनचे नियमही वेगळे लिहा. स्वतःचा बॅकअप देणार असाल तर त्यात मेसेज न्या, रॅचेटची स्थिती नेऊ नका. जुनी स्थिती परत आणली की वापरून झालेल्या चाव्या पुन्हा वापरात येतात. सेशन नव्याने बांधू द्या.

आयफोनवर नेमका उलटा प्रकार: अ‍ॅप काढून टाकले तरी कीचेनमधली (आयफोनच्या चावी-कप्प्यातली) चावी राहते. पुन्हा इन्स्टॉल केल्यावर चावी आहे पण डेटाबेस नाही, अशी अवस्था येते. पहिल्या सुरुवातीला ती ओळखून जुनी चावी पुसा. कीचेनचा प्रवेश ‘पहिल्या अनलॉकनंतर, फक्त याच उपकरणावर’ असा ठेवा. त्याहून कडक ठेवला तर फोन लॉक असताना नोटिफिकेशन एक्स्टेन्शनला मेसेज उलगडता येत नाही. हे एक्स्टेन्शन वेगळी प्रोसेस आहे, तिला साधारण ३० सेकंद आणि अगदी मोजकी मेमरी मिळते. मुख्य अ‍ॅप आणि एक्स्टेन्शन दोघांनी एकाच वेळी रॅचेट पुढे सरकवले की सेशन बिघडते, तेव्हा दोघांमध्ये एक कुलूप लागतेच. आणि ते कुलूप हातात असताना आयओएसने अ‍ॅप झोपवले तर ०एक्सडेड१०सीसी हा कोड देऊन अ‍ॅप मारले जाते. डेटाबेस सामायिक कंटेनरमध्ये असला की एसक्यूएलसायफरबाबत हे फारच होते: फाइलचा मथळा एन्क्रिप्टेड असल्याने ती एसक्यूलाइटची फाइल आहे हे आयओएसला कळत नाही आणि कुलूप धरून झोपण्याची सवलत मिळत नाही. पहिले ३२ बाइट उघडे ठेवण्याची सोय एसक्यूएलसायफरमध्ये त्यासाठीच आहे. तेव्हा सॉल्ट (चावी काढताना मिसळायचे रँडम बाइट) मात्र तुम्हालाच वेगळा जपावा लागतो.

दोन्हीकडे लागू असलेला एक नियम: मेसेजची नोंद आणि बदललेली रॅचेट-स्थिती एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. वेगवेगळ्या लिहिल्या आणि मध्येच अ‍ॅप मेले तर एक तर मेसेज कायमचा जातो किंवा चावी दोनदा वापरली जाते.

नोटिफिकेशनमधून काहीही पाठवू नका, अगदी पाठवणाऱ्याचे नावसुद्धा. एफसीएम (गुगलची पुश सेवा) आणि एपीएनएस (अ‍ॅपलची) दोन्हींची मर्यादा ४०९६ बाइट आहे, पण ती पुरते की नाही हा प्रश्नच येऊ देऊ नये. रिकामी ढुशी पाठवा, अ‍ॅप जागे होऊन मेसेज स्वतः आणते. सरकारे अ‍ॅपल आणि गुगलकडून पुश नोटिफिकेशनच्या नोंदी मागतात, हे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकन सिनेटर रॉन वायडन यांच्या पत्रातून उघड झाले. गुगल सेवा नसलेल्या फोनसाठी युनिफाइडपुश ही खुली पुश पद्धत किंवा स्वतःचे वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडे कनेक्शन) लागेल. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतली अ‍ॅप्स मारतात. चाचणीसाठी भारतात खपणारे तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांचे स्वस्त फोन विकत घ्या. एम्युलेटरवर हा दोष कधीच दिसत नाही.

ओटीपी. फोन नंबर न मागणारे अ‍ॅप करता आले तर हा सगळा परिच्छेद वाचतो, आणि आमच्या मते छोट्या चमूने तसेच करावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिग्नलने खर्च जाहीर केला, त्यात एकट्या नोंदणीच्या एसएमएसचे वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर होते. तरीही नंबर हवाच असेल, तर भारतात डीएलटी नोंदणी (व्यावसायिक एसएमएससाठी दूरसंचार कंपन्यांकडे करायची) आधी करा. संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचे दिसणारे नाव) आणि मजकुराचा साचा, तिन्ही मंजूर असावे लागतात. साच्यापेक्षा एक अक्षर वेगळे गेले की एसएमएस वाटेतच गळतो. अँड्रॉइडवर ओटीपी आपोआप वाचायचा तर मजकुरात ११ अक्षरी हॅश (हा एसएमएस कोणत्या अ‍ॅपसाठी आहे ते सांगणारा संकेत) हवा, म्हणजे तो साच्यातही हवा. हा हॅश साइनिंग कीवरून निघतो. डेव्हलपरच्या मशीनवर सगळे चालते आणि प्ले स्टोअरवरच्या आवृत्तीत चालत नाही, याचे कारण बहुधा हेच: तिथली सही वेगळ्या चावीची असते. मजकूर मराठीत पाठवणार असाल तर युनिकोड एसएमएसला १६० ऐवजी ७० स्थाने मिळतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येक एक स्थान खातात. ‘तुमचा कोड अमुक आहे. कोणालाही सांगू नका.’ यात अमुकच्या जागी सहा आकडे धरले तर ४१ स्थाने होतात; नवी ओळ आणि हॅश धरून ५३. एवढ्यात भागवा. सुरुवातीला फक्त +९१ चालू ठेवा आणि नंबरमागे मर्यादा घाला. महागड्या देशांतल्या नंबरांवर ओटीपी मागवून पैसे उकळणारे लोक पहिल्या आठवड्यातही येऊ शकतात. नंबरबरोबर एक नोंदणी-पिनही ठेवा. ऑगस्ट २०२२ मध्ये एसएमएस पुरवणाऱ्या ट्विलिओवर हल्ला झाला तेव्हा सिग्नलच्या सुमारे १,९०० नंबरांना धोका पोहोचला होता.

संपर्क शोधताना नंबरांचा हॅश (थेट उलटा न फिरवता येणारा ठसा) करून पाठवला म्हणजे ते लपले, असे मानू नका. भारतीय मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे फार तर ४०० कोटी. साधे ग्राफिक्स कार्ड ते सगळे काही सेकंदांत हॅश करून पाहते. पहिल्या आवृत्तीत क्यूआर आणि आमंत्रणाची लिंक पुरे.

देवनागरीची तयारी बहुतेक याद्यांत नसते. एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या शोधसोयीचा युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) मूळ सेटिंगमध्ये अक्षरे आणि अंक हेच शब्दाचे भाग मानतो. काना, वेलांटी, हलन्त यांवर शब्द तोडतो. ‘पुणे’ शोधले की ‘प’ आणि ‘ण’ शेजारी असलेले काहीही येते. मात्राचिन्हांचे वर्ग टोकनायझरच्या सेटिंगमध्ये जोडा. शिवाय ‘दऱ्या’मधला अर्धा र काही कीबोर्ड ऱ वापरून देतात तर काही र आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) वापरून, शोधसूचीत घालण्याआधी दोन्ही एका रूपात आणा. हे बदल पहिल्या आवृत्तीतच करा, नंतर सगळ्यांच्या फोनवर सूची पुन्हा बांधावी लागते. टायपिंगच्या चौकटीला कीबोर्डने शब्द शिकू नयेत असा फ्लॅग लावा. कीबोर्डने तो पाळायचा की नाही हे त्याच्या हातात असते, हेही मदतपानात लिहा.

बिल्ड कोणालाही पुन्हा करून ताडता यावा, यासाठी डॉकरफाइल, बांधलेल्या आवृत्त्या आणि ग्रेडल या बिल्ड-साधनाने आणलेल्या प्रत्येक अवलंबित्वाचा शा-२५६ हॅश रेपोत (कोडच्या कोठारात) ठेवा. रस्टच्या लायब्ररीत मशीनवरचे पूर्ण पाथ शिरतात आणि दोन बिल्ड जुळत नाहीत. पाथ बदलून टाकण्याचा कंपायलर पर्याय त्यासाठीच आहे. एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत स्टोअरला गुगलच्या बंदिस्त लायब्ररी चालत नाहीत, म्हणजे एफसीएमविना वेगळा फ्लेवर पहिल्यापासून हवा. साइनिंग की एकच आणि कोणाच्या ताब्यात, हे पहिल्या प्रकाशनाआधी ठरवा. प्लेवरची आणि वेबसाइटवरची सही वेगळी पडली तर एकावरून दुसऱ्यावर अपडेट होत नाही, अ‍ॅप काढून टाकावे लागते आणि मेसेज जातात. चावीच्या दोन प्रती, दोन ठिकाणी, इंटरनेटपासून दूर.

चाचण्यांत मेसेज उलट्या क्रमाने, दोनदा आणि मधले गाळून पाठवा. फोनचे घड्याळ एक दिवस मागे करा. क्रॅश रिपोर्टमध्ये मेसेजचा मजकूर जातो का, ते मुद्दाम अ‍ॅप पाडून पाहा.

स्टोअरला वेळ लागतो. प्लेवर वैयक्तिक खाते १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडले असेल तर किमान १२ परीक्षकांसह सलग १४ दिवस बंद चाचणी सक्तीची आहे. संस्थेच्या खात्याला डी-यू-एन-एस हा संस्था ओळखण्याचा क्रमांक लागतो. अ‍ॅपल वर्षाला ९९ डॉलर घेते आणि एन्क्रिप्शनबद्दलचे निर्यात-प्रश्न विचारते. उत्तरे आधी लिहून ठेवा.

कायद्याचा भाग वकिलाला दाखवा, कारण तो सारखा बदलतो. २०२१ च्या आयटी नियमांतली मूळ प्रेषक शोधून देण्याची अट भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्यांसाठी आहे, पण तक्रार अधिकारी लहानांनाही लागतो. मे २०२३ मध्ये १४ मेसेजिंग अ‍ॅप्स रोखल्याची बातमी आली, त्यांत एलिमेंट आणि ब्रायर ही मुक्तस्रोत अ‍ॅप्सही होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग अ‍ॅप्सना चालू सिमशी बांधून राहण्याचे निर्देश दिले; नंबर मागणाऱ्या अ‍ॅपने त्याची सद्यस्थिती विचारूनच पुढे जावे.

रेपो उघडा करण्याच्या दिवशी त्यात सुरक्षा-त्रुटी खासगीत कळवण्याचा पत्ता आणि ९० दिवसांत जाहीर करण्याचे धोरण असावे. निधीसाठी फॉस युनायटेड या मुक्तस्रोत संस्थेचे अनुदान आहे, आणि झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केलेला फ्लॉस/फंड. दुसऱ्यासाठी प्रकल्पाच्या पत्त्यावर फंडिंग डॉट जेसन नावाची फाइल ठेवावी लागते. मागणी लिहिताना बाहेरच्या ऑडिटचा आणि त्यात निघालेल्या त्रुटी दुरुस्त करण्याच्या वेळेचा खर्च वेगवेगळा दाखवा. दुसरा बहुतेक अर्जांत राहूनच जातो.